पावसाळ्यात बायप्लेनच्या तारांना झोळ का पडतो आणि तो कायमचा कसा काढावा

ठाण्यात जूनच्या मध्यावर पाऊस स्थिरावला की माझ्या कपाटातील बायप्लेनच्या, म्हणजे एकावर एक अशा दोन पंखांच्या विमानांच्या, प्रतिकृतींच्या तारा सैल पडतात, हा अनुभव मी लागोपाठ तीन वर्षे घेतला. एप्रिलमध्ये बोटाने छेडाव्यात इतक्या ताठ असलेल्या तारांना जुलैत चांगला डोळ्यांत भरेल असा झोळ आलेला असे, आणि ज्या विमानाची सगळी शान त्या सरळ रेषांत असते ते गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांसारखे दिसू लागे. पहिल्या वर्षी मी सैल तारा कापून नव्या बसवल्या. दुसऱ्या वर्षी अगरबत्तीच्या धगीने त्या आवळल्या. तिसऱ्या वर्षी सुपरग्लू बदलला. तिन्ही उपाय दिवाळीनंतर उत्तम वाटले आणि तिन्ही पुढच्या जूनमध्ये फसले. हिवाळा आला की तारा आपल्या आपणच ताठ होत होत्या आणि त्याचे श्रेय मी माझ्या हातकामाला देत होतो, हे लक्षात यायला चौथा पावसाळा उजाडावा लागला.

ज्या प्रतिकृतीवर मी हा प्रश्न धसास लावला ती एस.ई.५ए या ब्रिटिश लढाऊ विमानाची, १/४८ मापाची आहे. इंद्रलाल रॉय या एकोणीस वर्षांच्या भारतीय वैमानिकाने ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये असताना याच जातीच्या विमानातून ६ ते १९ जुलै १९१८ या काळात दहा हवाई विजय मिळवले आणि २२ जुलैला तो मारला गेला. त्यामुळे हे विमान आपल्या संग्रहात असावे असे मला फार दिवस वाटत होते. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ८.११ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत जेमतेम १७ सेंटिमीटर. पंखांमधल्या तिरक्या तारांची लांबी ६ सेंटिमीटरच्या आसपास भरते. ही ६ सेंटिमीटरची लांबी पुढे हिशेबात लागणार आहे.

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी कोणती तार काय काम करते हे ठाऊक असणे आवश्यक आहे, कारण निदान त्यावरच उभे आहे. विमान उडत असताना पंख वर उचलले जातात. त्यांना खाली धरून ठेवणाऱ्या तारा धडाच्या खालच्या बाजूपासून निघून वरच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाकडे जातात. या फ्लाइंग वायर. बऱ्याच विमानांत सुरक्षिततेसाठी त्या जोडीने असत. विमान जमिनीवर उभे असताना पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकू पाहतात. त्यांना वरून पेलणाऱ्या तारा वरच्या पंखाच्या मध्यभागातून निघून खालच्या पंखाच्या बाहेरच्या टोकाला येतात. या लँडिंग वायर. दोन्ही एकमेकींना फुलीसारख्या छेदतात आणि त्यांचे नाते तंबूच्या समोरासमोरच्या तणाव्यांसारखे असते: एक आवळली की दुसरी ढिली पडते. खऱ्या विमानात या तारांच्या टोकांना उजवे आणि डावे आटे असत आणि रिगर नावाचा कारागीर त्या फिरवून ताण जुळवीत असे. आपल्या प्रतिकृतीत फिरवायला काहीच नसते. सुपरग्लू सुकला त्या क्षणी जो ताण असेल तोच कायमचा.

आता निदान. कपाटाचे दार उघडून, टॉर्चचा उजेड बाजूने टाकून, आधी कशालाही हात न लावता नेमक्या कोणत्या तारा सैल आहेत ते कागदावर मांडावे. एखादीच तार सैल असून बाकी सगळ्या ताठ असतील, तर त्या तारेचे टोक भोकात सरकले आहे आणि प्रश्न तेवढ्यापुरता आहे. सगळ्या लँडिंग वायर सैल आणि सगळ्या फ्लाइंग वायर ताठ, किंवा याच्या उलट, असे चित्र असेल तर तारांचा दोष नसून पंखच जागचा हलला आहे. आणि सगळ्याच तारा, वरच्या, खालच्या, शेपटाकडच्या, एकदमच सैल झाल्या असतील तर पंख निर्दोष आहे, भोके निर्दोष आहेत आणि दोष ज्या धाग्याच्या या तारा केल्या त्याच्या जातीत आहे. माझ्या एस.ई.५एच्या बाबतीत तिसरे चित्र होते. तीन वर्षे मी हा कागद मांडला नाही, एवढीच माझी चूक. पण ती तीन वर्षे पुरली.

येथे थोडे गणित केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तार किती लांबली हे डोळ्याला दिसत नाही, झोळ तेवढा दिसतो, आणि या दोहोंचे प्रमाण फसवे आहे. दोन टोके पक्की असलेली तार थोडी लांबली तर मधोमध पडणारा झोळ हा साधारणपणे तारेची लांबी आणि झालेली वाढ यांच्या गुणाकाराच्या तीन-अष्टमांशाच्या वर्गमुळाइतका असतो. ६० मिलिमीटरची तार फक्त ०.१ मिलिमीटर लांबली असे धरा. ६० गुणिले ०.१ म्हणजे ६, त्याचे तीन-अष्टमांश म्हणजे २.२५, आणि त्याचे वर्गमूळ दीड. एका केसाच्या जाडीइतक्या वाढीने दीड मिलिमीटरचा झोळ पडतो, आणि १/४८ मापात दीड मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावर सात सेंटिमीटरहून अधिक. आपली कारागिरी कच्ची आहे असे पावसाळ्यात ज्यांना वाटते, त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची चूक कोणीही करतो. हा झोळ ती चूक पंधरा पटींनी मोठी करून दाखवतो.

ही केसभर वाढ येते कोठून, याचा सुगावा मला चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला जाळी आणि गरी विकणाऱ्या एका छोट्या दुकानात लागला. मी नेहमीप्रमाणे सर्वांत बारीक तंगूस मागितला, तेव्हा दुकानदाराने रीळ हातात घोळवत विचारले, "काका, एवढा बारीक कशाला? ह्याच्यात बोंबील पण नाय अडकायचा." विमानाला लावतो आणि पावसात ढिला पडतो, असे मी सांगितल्यावर त्याला विमानाचे काही वाटले नाही, ढिला पडण्याचे तर मुळीच नाही. "तंगूस पानी पितो, काका," तो म्हणाला, "सुकला का परत आवळतो."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. तंगूस म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा, आणि नायलॉन हवेतला ओलावा शोषून घेते: पन्नास टक्के आर्द्रतेत वजनाच्या अडीच ते तीन टक्के, आणि पूर्ण भिजल्यावर आठ-नऊ टक्क्यांपर्यंत. हे पाणी शोषताना धागा लांबतो आणि त्याच वेळी मऊही होतो, म्हणजे त्याच्यात जो ताण भरून ठेवलेला असतो तोही कमी होतो. मार्चमधल्या कोरड्या दुपारी बसवलेली तार जुलैच्या हवेत, जेथे आर्द्रता दिवसेंदिवस ऐंशी टक्क्यांच्या खाली उतरत नाही, तेथे सैल पडणारच. याची खात्री करण्यासाठी मी मे महिन्यात गॅलरीच्या दारामागे, पावसाचे पाणी लागणार नाही अशा ठिकाणी, एक-एक मीटर लांबीचे दोन धागे टांगले, एक तंगूस आणि एक पॉलिएस्टरचा, खाली सारखी वजने बांधली आणि भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या. जुलैत तंगुसाचे वजन खुणेच्या खाली काही मिलिमीटर उतरले होते. पॉलिएस्टरचे जवळजवळ खुणेवरच होते. घरातल्यांनी ती वजने दोन महिने सहन केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

अगरबत्तीचा उपाय वारंवार का फसतो याचाही उलगडा येथेच होतो. धगीने तारा आवळतात हे खरे आहे. त्या आवळण्यातला एक भाग ताणून बनवलेला धागा उष्णतेने आकुंचन पावतो त्याचा असतो आणि तो टिकतो. पण दुसरा भाग धागा तेवढ्यापुरता वाळल्याचा असतो आणि तो ओल्या हवेत दोन-चार दिवसांत परत जातो. शिवाय अगरबत्तीचे टोक पंखाच्या कडेला चुकून टेकले तर प्लास्टिकवर जो वण उठतो तो कोणत्याही पुट्टीने भरून निघत नाही. स्प्रू, म्हणजे किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती, तापवून ओढलेल्या तारांसाठी मात्र अगरबत्ती योग्य आहे, कारण स्प्रू म्हणजे पॉलिस्टायरीन आणि ते पाणी जवळजवळ शोषतच नाही. १/७२ मापाच्या लहान विमानांसाठी मी आजही निरांजनाच्या ज्योतीवर स्प्रू ओढतो. ती तार ठिसूळ असते, धूळ झटकताना मोडते, पण पावसात सैल पडत नाही.

मोठ्या मापासाठी उत्तर पॉलिएस्टर हेच आहे. त्याचे पाणी शोषण्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असते. जांभळी नाक्याच्या बाजारात शिवणकामाच्या सामानाच्या दुकानांत पारदर्शक "इनव्हिजिबल" धागा मिळतो, पण तो नायलॉनचाही असतो आणि पॉलिएस्टरचाही, आणि रिळावरचे लेबल बहुधा दुकानदाराच्या खोक्यातच राहिलेले असते. जाळून वास घेण्याची परीक्षा बरेच जण सांगतात. माझ्या नाकाला ती कधीच जमली नाही. त्याऐवजी मिठाच्या पाण्याची परीक्षा करावी. एका पेल्यात कोमट पाणी घेऊन विरघळायचे थांबेपर्यंत साधे मीठ घालावे, गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ, गार झालेले पाणी दुसऱ्या पेल्यात ओतावे. या पाण्याची घनता १.२ च्या आसपास असते. नायलॉनची घनता १.१४ आणि पॉलिएस्टरची १.३८ असल्याने नायलॉन तरंगते आणि पॉलिएस्टर बुडते. फक्त धागा इतका हलका असतो की पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणावरच तो पडून राहतो. म्हणून त्याचे बारीक तुकडे भांडी घासायच्या साबणाच्या थेंबात चोळून, काडीने पाण्याखाली ढकलून, हवेचे बुडबुडे सुटल्यावर निकाल पाहावा. साध्या पाण्यात ही परीक्षा होत नाही, दोन्ही बुडतात.

लवचिक, म्हणजे लायक्राच्या, धाग्याचा पर्याय बाजारात लोकप्रिय आहे आणि तो ओलाव्याची सारी वाढ सहज गिळतो, हे मान्य करायला हवे. हात लागला तरी तो तुटत नाही. पण उजेडाने तो वर्षांगणिक जीर्ण होतो आणि सुपरग्लू लागलेल्या जागी तुटू लागतो, म्हणून दहा वर्षे टिकवायच्या कामात मी तो वापरत नाही. सुती दोऱ्याचा विचारही करू नये. पिळाचा सुती दोरा ओलाव्याने फुगतो आणि लांबीने आखूडतो, खाटेची सुंभाची दोरी पावसात आवळते तसा, आणि मग तारा ताठ राहून पंखच वाकतात.

आता प्रत्यक्ष बसवणी. येथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण धागा बदलूनही ज्यांच्या तारा सैल राहतात त्यांचे घोडे येथेच अडते. सर्वसाधारण पद्धत अशी की एक तार बसवायची, ग्लू सुकू द्यायचा, मग दुसरी. पहिली फ्लाइंग वायर बसवली की ती पंखाचे टोक किंचित खाली ओढते. मग लँडिंग वायर बसवली की ती टोक वर घेते आणि पहिली सैल पडते. हा खेळ संपत नाही. यावर उपाय म्हणजे एकही तार न चिकटवता सगळ्या तारा एकाच वेळी ताणाखाली आणायच्या आणि मगच ग्लू लावायचा.

त्यासाठी वरच्या पंखात खालच्या बाजूने एक मिलिमीटरभर खोल, आरपार न जाणारी भोके पाडावीत आणि खालच्या पंखात आरपार भोके पाडावीत, दोन्ही ०.३ मिलिमीटरच्या ड्रिलने, आणि ही सगळी पंख जोडण्याआधी. (इतक्या बारीक ड्रिलसाठी सर्किट बोर्डाची ड्रिल लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात; ती पिन व्हाइस या छोट्या हातमुठीत धरून हातानेच फिरवावीत, नाहीतर मोडतात.) भोक तारेच्या दिशेने तिरके असावे. धाग्याचे टोक बारीक पॉलिश पेपरवर एकदा ओढून खरखरीत करावे, वरच्या पंखात चिकटवून रात्रभर ठेवावे. पंख आणि स्ट्रट, म्हणजे दोन पंखांमधले खांब, जोडून झाल्यावर किमान दोन दिवस थांबावे. मग विमान दोन बिस्किटांच्या डब्यांवर असे ठेवावे की खालच्या पंखाखाली मोकळी जागा राहील, सगळे धागे खालच्या भोकांतून ओवून घ्यावेत आणि प्रत्येकाला कपड्यांचा लहान चिमटा लटकवावा, फार तर दहा ग्रॅम वजनाचा. सगळे चिमटे एकाच मापाचे असावेत. मधल्या छोट्या फुल्यांपासून सुरुवात करून, डावीकडची एक, उजवीकडची एक, अशा क्रमाने बाहेर जावे. सगळे चिमटे लटकले की पंखाच्या टोकाला करंगळीने दोन-तीन वेळा हलकेच टिचकी मारावी, म्हणजे भोकाच्या कडांवर अडकलेला धागा सरकून ताण सगळीकडे सारखा होतो. समोरून, डोळा पंखाच्या पातळीत आणून, दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते पाहावे. दिसत असतील तर सुईच्या टोकावर पातळ सुपरग्लूचा थेंब घेऊन खालून प्रत्येक भोकाला लावावा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत चिमट्यांना हात लावू नये. नंतर नव्या पात्याने धागे पंखाला लागून कापून खालच्या बाजूला पुट्टी आणि रंग.

दहा ग्रॅम हे वजन अंदाजाने सांगितलेले नाही. ०.०८ मिलिमीटरच्या धाग्यात एवढा ताण साधारणपणे लांबीच्या अर्धा ते एक टक्का इतकी ओढ भरतो, आणि तेवढी शिल्लक असली की ०.१ मिलिमीटरची वाढ तिच्यात जिरून जाते, झोळ दिसत नाही. मजबुतीसाठी म्हणून ०.२ मिलिमीटरचा धागा घेतला तर तीच ओढ भरायला सहापट वजन लागेल आणि ते बारा-चौदा तारांना लटकवल्यावर पंख तक्रार करतील. बारीक धागाच घ्यावा. तो मापालाही बरोबर असतो.

निदानातले दुसरे चित्र, म्हणजे एका जातीच्या तारा सैल आणि दुसऱ्या जातीच्या ताठ, ज्यांच्या कागदावर उतरले असेल त्यांनी धागा बदलण्याचा खर्च करू नये. त्यांचा पंख स्ट्रटच्या मुळाशी हलला आहे. तारा नसताना पंखाचे टोक बोटाने उचलून पाहिले आणि ते हलले, तर तारांनी ते सांभाळावे ही अपेक्षाच चुकीची आहे. स्ट्रटच्या दोन्ही टोकांत ०.३ मिलिमीटरच्या पितळी तारेचा तुकडा घालून तो पंखात दीड-एक मिलिमीटर रुतवावा. काम किचकट आहे, पण एकदाच करायचे आहे.

धातूची तार वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी असते: त्यांची तार पावसात ठीक असते आणि जानेवारीच्या पहाटे बाक धरते. पॉलिस्टायरीन उष्णतेने पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावते. मे महिन्याच्या दुपारी नेमक्या मापात कापून दोन्ही टोकांना चिकटवलेली ६० मिलिमीटरची तार, प्लास्टिक वीस अंशांनी थंड झाल्यावर, त्या आखूड झालेल्या जागेत मावत नाही आणि एका मिलिमीटरहून अधिक वाकते. तेथे एकच टोक चिकटवावे, दुसरे थोड्या खोल भोकात नुसते सरकते ठेवावे.

पावसाळ्यात काम करणे भाग असेल तर सुपरग्लूच्या पांढऱ्या बुरशीसारख्या डागांची तयारी ठेवावी. हा ग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत तो घाईने धरतो आणि त्याची वाफ भोकाभोवती पांढरी होऊन बसते. थेंब लहान ठेवून टेबलफॅन विमानावर न मारता बाजूने हळू चालवला की हे बरेच कमी होते.

आणि ज्यांच्याकडे घरात तंगुसाचे रीळ पडून आहे आणि तेच संपवायचे आहे, त्यांनी ते जुलैतच बसवावे, मार्चमध्ये नाही. ओल्या हवेत पूर्ण लांबलेला धागा त्यानंतर फक्त आखूडच होऊ शकतो. हिवाळ्यात तो थोडा अधिक ओढ धरेल, पण बारीक धाग्याची ती ओढ चांगल्या रुतवलेल्या स्ट्रटना सहज पेलते. माझी एस.ई.५ए मी पॉलिएस्टरवर नेली. तिच्या शेजारची १/७२ मापाची टायगर मॉथ मात्र अजून तंगुसावरच आहे, मागच्या वर्षी १९ जुलैला, बाहेर येऊरचा डोंगर पावसात दिसेनासा झालेला असताना बसवलेल्या.